परतीचा नमस्कार

नमस्कार करणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे धडधाकट माणसाला सांगून पटत नाही. खांदा थोडा बाहेर फिरवायचा, कोपर वाकवायचं पण फार नाही, मनगट मागे न्यायचं, बोटं सरळ ठेवायची आणि हे सगळं दोन्ही हातांनी एकाच वेळी करून तळवे बरोबर छातीसमोर आणायचे. लहान मूल बोलण्याआधी हे शिकतं. आणि मेंदूतली एखादी बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली की म्हातारपणी एका सकाळी तेच विसरून जातं.

मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला शिकले, लग्न करून कॅलिफोर्नियात सांता क्लाराला आले, इथल्या परीक्षा नव्यानं दिल्या आणि निवृत्त होईपर्यंत लोकांच्या घरी जाऊन त्यांना उठवलं, बसवलं, चालवलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या या विशेषांकासाठी संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या प्रोफेशनबद्दल लिहा ना, काहीतरी इन्स्पायरिंग." इन्स्पायरिंग आहे की नाही ते त्यांनी वाचून ठरवावं.

आधी कामाबद्दल. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायच्या, "सून अमेरिकेत गोऱ्यांचे पाय चेपते." आणि मान खाली जायला नको म्हणून पुढे जोडायच्या, "स्वतःच्या मोटारीनं जाऊन." बाहेरून बघणाऱ्याला हे काम मालिशच वाटतं. खरं काम वेगळंच आहे. पेशंटच्या शरीराला मनापासून काय करायचंय ते शोधायचं आणि त्याला त्याच आमिषानं कामाला लावायचं. एक पोर्तुगीज आजीबाई होत्या. नवऱ्यानं जर्दाळूची बाग विकली होती, नंतर तिथं कंप्यूटर कंपनीची काचेची इमारत उभी राहिली, त्या रागात की काय, बाई खुर्चीतून उठेनात. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन कांदा मुद्दाम करपवला. बाई शिव्या घालत, वॉकर सरकवत शेगडीपर्यंत आल्या आणि माझ्या हातातला झारा हिसकावून घेतला. एजन्सीला कळवताना मी 'स्वयंपाकघरापर्यंत चालल्या' एवढंच कळवलं, कांद्याचं नाही.

म्हणून पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारायची, तुम्हाला काय करता यायला हवंय? तेच आमचं ध्येय. एकदा ठरलं की पेशंट आणि मी दोघं त्याच्याशी बांधले गेलो. ते साधलं की केस बंद, कारण इन्शुरन्सवाले त्यापुढे एक दिवस देत नाहीत.

हिराता-सान, म्हणजे आपल्या भाषेत हिरातासाहेब, माझ्याकडे आले ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. बायको गेल्यावर ते जपानहून लेकीकडे राहायला आले होते आणि वर्षभरात पक्षाघाताचा झटका आला. लेक युमिको चिप बनवणाऱ्या कंपनीत होती, माझ्याच वयाची, अबोल आणि नीटनेटकी. म्हातारे ऐंशीच्या घरातले, ताठ, हडकुळे. उजवी बाजू गेली होती. पाय बरा होता, काठीनं चालायचे, पण हात छातीशी आखडलेला आणि मूठ घट्ट मिटलेली. अमेरिकेत ढोबळ वाटणी अशी की पाय आमचे आणि हात ऑक्युपेशनल थेरपिस्टचे. पण आमच्या एजन्सीला त्या वेळी हातवाली मिळत नव्हती, म्हणून तो हातही माझ्याकडे आला.

बैठकीच्या खोलीत भिंतीशी एक लहानसं लाकडी देवघर होतं आणि त्यात बुद्धाची मूर्ती. ती पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मी बूट काढून आधी तिथं हात जोडले. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं.

"इंदिया?" त्यांनी विचारलं.

"हो. नागपूर."

"नागपूर! ऑरेंज. कॉटन." ते लगेच म्हणाले. युमिको हसली. म्हणाली, बाबा जन्मभर शाळेत भूगोल शिकवायचे, जगातलं कुठलंही गाव सांगा, तिथं काय पिकतं ते सांगतात.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी डावा तळवा छातीसमोर उभा धरला आणि उजव्या मुठीकडे पाहिलं. "टुगेदर," ते म्हणाले. दोन्ही हात जुळायला हवे होते. मी कारण विचारलं तेव्हा ते जपानीत काहीतरी बोलले. युमिकोनं सांगितलं, "एक नमस्कार राहिलाय म्हणतात. कुणीतरी केला होता, तो परत करायचाय."

मला वाटलं, बुद्धासमोर हात जोडायचे असतील. किती सुंदर बोलतात हे लोक, असंही वाटलं.

आता आमचं वेड सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बे एरियात तेव्हा महाराष्ट्रातून आलेली आमची मोजकीच बौद्ध कुटुंबं होती. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी नर्सिंगमध्ये, कुणी पीएच.डी. करत. रविवारी आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी वंदना व्हायची. पण आमच्यात पिढीजात बौद्ध एकही नाही. माझे बाबा तरुण वयात दीक्षाभूमीवर बौद्ध झाले, आणि बाकीच्यांचीही तीच गोष्ट. त्यामुळे जपानी, थाई, श्रीलंकेचा कुणी म्हातारा दिसला की आम्हाला तो अर्धा भिक्खूच वाटायचा. हिराता-सान यांचे आजोबा तर देवळात पुजारी होते. हे मी आमच्या मंडळींचं सगळं आयोजन बघणाऱ्या प्रशांतला सांगितलं आणि तो उडालाच.

"काय सांगता ताई! म्हणजे फॅमिली बुद्धिस्ट? यार, बुद्धपौर्णिमेला चीफ गेस्ट यांनाच करून टाकू. दीपप्रज्वलन पण यांच्याच हातनं."

"हात कुठं चालतोय अजून?"

"मग चालवा की. मे महिना लांब आहे."

मला चेव चढला. बुद्धपौर्णिमेपर्यंत या माणसाचे हात जुळवायचेच, मी मनाशी ठरवलं आणि हिराता-सानना सांगितलंही. तिथं सगळे हिंदुस्थानी असतील का, असं त्यांनी युमिकोकरवी विचारलं. सगळे, मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मला वाटलं, भारावले.

मिटलेली मूठ कधी ओढून उघडायची नसते. बोटं ओढली की ती आणखी घट्ट मिटतात. आधी मनगट हळूच खाली वाकवायचं, मग अंगठ्याच्या बुडाशी धरून अंगठा बाहेर काढायचा, की बोटं आपोआप ढिली पडतात. मग तळवा टेबलावर पसरून त्यावर भार द्यायला लावायचा. हे मी आठवड्यातून तीनदा करायची. एकदा मात्र गंमत झाली, निदान तेव्हा मला ती गंमतच वाटली. खांद्यासाठी आम्ही पेशंटला एक लाकडी दांडा देतो, दोन्ही हातांनी धरायचा, डोक्यावर न्यायचा आणि खाली आणायचा. मी त्यांची बोटं दांड्याभोवती मिटवली, दांडा वर नेला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. डाव्या हातानं दांडा त्यांनी दूर भिरकावला. "नो. नो स्टिक." इतका आज्ञाधारक माणूस, एवढा हट्ट कशाला, म्हणून मी मनातून चिडले आणि दांड्याऐवजी टॉवेल वापरला.

त्याच सुमारास बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला तिखट. मी कौतुकानं त्यांना माझ्या जपानी पेशंटबद्दल सांगितलं. बाबा कपात बिस्किट बुडवत होते, ते तसंच राहिलं आणि तुटून चहात पडलं.

"लढाईत होता का तो?"

"मास्तर होते बाबा. भूगोलाचे."

"त्या वयाचा एक जपानी दाखव मले लढाईत नसलेला," बाबा म्हणाले आणि चमच्यानं बिस्किट शोधायला लागले.

बाबांचं बोलणं कुठून येतंय ते मला माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ, शंकरकाका, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले होते. गावात महारवाड्याबाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता होता. सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या कैदेत गेले. पुढं तिथून अनेक हिंदी कैद्यांना मजुरीसाठी लांबच्या बेटांवर नेलं, एवढंच कळलं. घरी 'बेपत्ता' म्हणून कागद आला आणि नंतर काहीच आलं नाही. काकांची बायको, जिला आम्ही मोठी आई म्हणतो, तेव्हा अगदी कोवळी पोर होती. मेल्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून तिनं गळ्यातली काळी पोत काढली नाही. तिला मूल नव्हतं. ती नागपूरला माझ्या भावाकडे राहायची. तिच्या पोतीबद्दल घरात कुणी बोलत नसे.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात हिराता-सान यांचे हात जुळले. त्यांच्या देवघरासमोर नाही, जेवणाच्या टेबलाशी, माझ्या आधाराशिवाय. बोटं थोडी वाकडी होती, पण तळव्याला तळवा लागला. मी टाळ्या वाजवल्या. युमिकोनं तोंडावर हात धरला. मी घरी जाऊन बाबांनासुद्धा ऐकवलं. बाबा म्हणाले, "चांगलं आहे. तुह्या हाताले यश आहे."

कार्यक्रम रविवारी दुपारी, एका पार्कमधल्या कम्युनिटी हॉलमध्ये होता. भिंतीवर बास्केटबॉलचं कडं, त्याखाली टेबलावर पांढरी चादर, बुद्धमूर्ती आणि मेणबत्त्या. हॉलवाल्यांनी अगरबत्तीला बंदी घातली होती. खिरीचे ॲल्युमिनियमचे ट्रे मागे झाकून ठेवले होते आणि पोरं त्यांच्याभोवती घुटमळत होती. त्रिसरण झालं, पंचशील झालं. पाणातिपाता वेरमणी आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. हिराता-साननी मला खुणेनं अर्थ विचारला. मी सांगितला, कुणाचा जीव घेणार नाही. त्यांनी डोळे मिटले.

प्रशांतनं माइकवर त्यांची ओळख करून दिली, जपानहून लाभलेले ज्येष्ठ उपासक वगैरे, आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. ते दोन शब्द बोलणार होते. ते उभे राहिले तशी मी त्यांच्या कमरेला आमचा कापडी पट्टा बांधला आणि उजव्या बाजूला, किंचित मागे उभी राहिले. दुबळ्या बाजूला उभं राहायचं आणि पट्टा घट्ट धरायचा, हा आमचा नियम. पट्टा सुटला तर पेशंट पडतो.

ते जपानीत बोलायला लागले आणि युमिको इंग्रजीत सांगायला लागली. सन्मानाबद्दल आभार. मग, मी शिक्षक होतो. मग, पण त्याआधी मी सैन्यात अधिकारी होतो. युमिकोनं वडिलांकडे पाहिलं. हे तिला नवीन होतं असं नाही, तिच्या वडिलांच्या वयाचे सगळेच सैन्यात होते. ते पुढं बोलत गेले. न्यू गिनीच्या बाजूचं एक बेट. विमानांसाठी धावपट्टी करायची होती. कामाला हिंदी कैदी होते, माझ्या ताब्यात.

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. मी समोरच्या रांगेत बाबांकडे पाहिलं. ते पुढं झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

जहाजं येईनाशी झाली, युमिको सांगत होती. तांदूळ संपला. कैद्यांना द्यायचं बंद केलं. ते गवत आणि पानं उकडून खायचे. मग तळ हलवायचा हुकूम आला. जे चालू शकत नाहीत त्यांना शत्रूच्या हाती जिवंत ठेवायचं नाही. एका झोपडीत आजारी लोक पडले होते.

इथं ती थांबली. म्हातारे बोलतच होते. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं माइक टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

हिराता-साननी वळून तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं आणि स्वतःच इंग्रजीत सुरू केलं. मोडकं, एकेक शब्द उचलून ठेवत.

"वन मॅन, नॉट सिक. कॅन वॉक. ही कम. ही डू दिस." त्यांनी डावा तळवा छातीसमोर धरला. "ही से, आय कॅरी देम. आय अंडरस्टँड. आय से, नो." ते थांबले. "ही गो बॅक. सिट विथ सिक मेन. अगेन ही डू दिस. टु मी. नॉट बेगिंग. ग्रीटिंग. लाइक गुडबाय. आय डोंट आन्सर. आय गिव्ह ऑर्डर. ऑल. माय ऑर्डर. माय सोर्ड, ऑल्सो."

मला त्या माणसापासून लांब व्हायचं होतं. नुसतं लांब नाही, त्या हॉलमधून, त्या पार्कमधून धावत सुटायचं होतं. दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायचा तो दांडा त्यांनी का भिरकावला, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. आणि मी पट्टा सोडू शकत नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कधी पेशंटला पडू दिलं नव्हतं. माझा हात माझं ऐकेना, तो आपला नियम पाळत राहिला. त्या पट्ट्याचा मला त्या दिवशी जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नसेल.

"एव्हरी इयर, आय टीच इंदिया," ते म्हणाले. "रिव्हर. कॉटन. आय नेव्हर से. नाऊ आय आन्सर."

आणि ते हात जोडायला गेले.

डावा हात वर आला. उजवा अर्ध्यावर आला आणि आखडला. मन हललं की अशा पेशंटचे स्नायू जास्तच घट्ट होतात, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. मूठ दगडासारखी मिटली. त्यांनी डाव्या हातानं ती बोटं ओढायला सुरुवात केली, नेमकी जशी ओढायची नसतात तशी. मूठ आणखी मिटत गेली. शाल एका खांद्यावरून घसरली. सगळा हॉल बघत होता.

ती मूठ उघडायला मला एक क्षण पुरला असता. मनगट खाली, अंगठा बाहेर. माझा दुसरा हात मोकळा होता. मी तो उचलला नाही. राहू दे तशीच, मला वाटलं. मी सरळच सांगते, मला तसंच वाटलं आणि आजही त्याची मला लाज वाटत नाही.

बाबा उठले. प्रशांत आडवा आला, "काका, प्लीज, बसा ना, काका..."

"हो बाजूले."

ते सावकाश समोर येऊन उभे राहिले. मला खात्री होती, मारतात. बाबांच्या हातचा मार मी लहानपणी खाल्ला होता. पण ते हिराता-सान यांच्याकडे नुसते बघत राहिले. मग मला म्हणाले, "विचार त्याले. तो हात जोडणारा, त्याचं नाव काय होतं?"

मी विचारलं.

"नो नेम," म्हातारे म्हणाले. "आय डिड नॉट आस्क."

"दिसायले कसा होता?"

"थिन. ऑल मेन, थिन."

बाबांनी मान डोलावली. जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं. मग म्हणाले, "सुनंदा, उघड त्याचा हात."

"बाबा, नाही."

"तुले येते ना? मंग उघड."

मी उघडला. मनगट खाली, अंगठा बाहेर, बोटं एकेक करून ढिली झाली. तळव्यात नखांचे वळ उठले होते. हिराता-साननी तो डाव्या तळव्याला लावला, छातीसमोर धरला आणि कमरेतून वाकले. खूप वेळ वाकलेलेच राहिले. मी पट्टा धरून होते.

बाबांनी हात जोडले नाहीत. ते समोर सरळ उभे होते, हात दोन्ही बाजूंना. म्हातारे परत ताठ झाले तेव्हा बाबा वळले आणि जागेवर जाऊन बसले.

प्रशांतला काय करावं सुचेना. तो बिचारा बाबांच्या कानाशी जाऊन पुटपुटला, "काका, ते एवढं... तुम्हीपण जरा हात..."

"मी काऊन?" बाबा म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तो जवाब देऊन राहिला. जवाबाले जवाब नसते."

युमिको पुढं आली, वडिलांच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. मग त्यांना घेऊन गेली. मागे खीर कुणी वाढली नाही, पण पोरांनी आपली आपण घेतली.

गाडीत माझ्या मुलीनं मागच्या सीटवरून विचारलं, "मॉम, आर यू स्टिल गोइंग टू हिज हाऊस?" मला माहीतच नव्हतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बरंच अंतर गेल्यावर बोलायला लागले, कुणाशी ते कळेना.

"माहा बाप पाटलाच्या दारात उभा राहून जोहार घाले. कमरेतून वाकून. पाटील पान खात राहे. एका दिवशी तरी मान हलवन म्हणून मी पाहो. लहान होतो मी. शंकरले हे खपे नाही. तो म्हणे, पलटणीत सलाम ठोकला का समोरचा साहेब परत ठोकते. म्हणून गेला तो." ते थोडं थांबले. "आपल्याले आजवर कोणी परत दिला नाही. पहिल्यांदा आला तर असा आला."

मी सिग्नलला गाडी थांबवली आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही मला कळलं नाही. मागच्यानं हॉर्न दिला.

मंगळवारी मी हिराता-सान यांच्याकडे गेले. जायचं नव्हतं, पण ध्येय साधलं होतं, आणि ध्येय साधलं की शेवटची भेट देऊन केस बंद करावी लागते. युमिकोनं दार उघडलं आणि बूट काढायच्या आधीच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही. तुला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. ती वडिलांशी फक्त औषधांच्या वेळी बोलत होती. म्हातारे खिडकीशी बसले होते, मूठ पुन्हा मिटलेली. मला पाहून म्हणाले, "फिनिश. थँक यू."

पण मिटलेल्या मुठीत नखं रुततात, घाम साचून कातडी सोलते. रोज कुणीतरी ती उघडून धुवावी लागते. घरातल्या माणसाला हे शिकवल्याशिवाय केस बंद करायची नसते. मी युमिकोला बोलावलं. ती आली, पण वडिलांच्या हाताला हात लावेना. मग मी माझ्या हाताची मूठ मिटली आणि तिच्यापुढं धरली. तिनं माझं मनगट खाली वाकवलं, अंगठा बाहेर काढला. पहिल्यांदा जरा जोरात, मग बरोबर. आम्ही दोघी ते पुन्हा पुन्हा करत राहिलो आणि म्हातारे खिडकीतून बघत राहिले. पुढं तिनं त्यांचा हात उघडला की नाही, मला माहीत नाही. मी त्या घरी परत गेले नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी कॉलिंग कार्ड घासून नागपूरला फोन लावला आणि मोठ्या आईला बोलावलं. तिला ऐकायला कमी यायचं, म्हणून मोठ्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी शेजारी बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"त्यानं हात जोडले होते?" तिचा आवाज आला.

"हो, वहिनी."

"चालता येत होतं तरी तो बिमार लोकायपाशी जाऊन बसला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन माझ्या भावाकडे दिला.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. मोठ्या आईनं त्याच संध्याकाळी गळ्यातली पोत स्वतःच्या हातानं काढली होती. स्टीलच्या डबीत ठेवली आणि त्याला म्हणाली, मले विहारात घेऊन चल, त्यायच्या नावानं वंदना करायची आहे. जन्मभराची वाट बघणं तिनं एका फोनवर संपवलं होतं.

मला धक्काच बसला. मी बाबांवर भडकले. "काय केलंत बाबा हे? त्या बेटांवर किती कैदी होते, तुम्हालाच माहीत आहे. म्हाताऱ्याला नावसुद्धा ठाऊक नाही. तो शंकरकाकाच होता कशावरून?"

बाबा ओट्याशी उभे राहून कैरी चिरत होते. सुरी थांबली नाही.

"नसन," ते म्हणाले. "पण कोणाचा तरी शंकर तर होता ना तो."